वानरदंश : इलाज आणि बंदोबस्त

वऱ्हाडातील गावांत वानरांचा वावर ही नवलाची गोष्ट नव्हे. मूर्तिजापूरच्या आसमंतात, जेथे अरण्य म्हणावे असे काही उरलेले नाही आणि काळ्या जमिनीवर कपाशी, तूर व हरभरा यांवाचून दृष्टीला दुसरे फारसे काही पडत नाही, तेथेही चिंच, वड, पिंपळ आणि कडुनिंब यांच्या आश्रयाने वानरांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. हिवाळ्यात तुरीच्या कोवळ्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे, उन्हाळ्यात धाब्यावर वाळत घातलेल्या कुरड्या, सरगुंडे आणि मूगवड्या, आणि दर शनिवारी मारुतीच्या पारावर ठेवलेली केळी व फुटाणे, असा त्यांचा वर्षाचा शिधा गावकऱ्यांनीच, काही अंशी श्रद्धेने आणि काही अंशी नाइलाजाने, लावून दिलेला आहे. कवेलूंची घरे होती तोवर दरसाल मृगापूर्वी छप्पर शाकारताना फुटक्या कवेलूंचा हिशेब वानरांच्या नावे मांडला जाई. कवेलू जाऊन टीनपत्रे आली तेव्हा मोडतोड कमी झाली, पण दुपारच्या निजेची फिर्याद वाढली. इतके असूनही या प्राण्याविषयी गावात तक्रार पुष्कळ असली तरी वैर आढळत नाही, आणि विजेच्या तारेला चिकटून एखादे वानर दगावले तर त्याची भजन-दिंडीसह अंत्ययात्रा काढून तेरवी घालणारी गावे आजही या मुलखात आहेत.

या सौजन्याबद्दल कोणाला आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु त्याची एक छाया वैद्यकीय व्यवहारावर पडते, आणि ती मात्र घातक आहे. कुत्रा चावला असता जो मनुष्य त्याच दिवशी दवाखान्याची पायरी चढतो, तोच मनुष्य वानराने हात फोडला असता जखमेवर हळद दाबून स्वस्थ बसतो, कारण वानर पिसाळते ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवत नाही, आणि मारुतीच्या दूतापासून विष संभवते असे म्हणणे त्याला काहीसे अप्रशस्तही वाटते. वानरदंशावर जे काही लिहिले-बोलले जाते त्यात इंजेक्शनांची चर्चा बरीच असते. ही बेफिकिरी कोठून येते आणि दंशापूर्वीच्या घटकेत माणसाचा हात काय करीत असतो, याची चर्चा फार थोडी. माझ्या मते प्रश्नाचे मूळ या दोन ठिकाणी आहे.

प्रथम, येथे कोणत्या प्राण्याविषयी आपण बोलत आहो हे स्पष्ट केले पाहिजे. अकोला-अमरावतीच्या मैदानी मुलखात मुख्यतः आढळतो तो लांब शेपटीचा, करड्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानर. उत्तर हिंदुस्थानातील देवस्थानांत आणि रेल्वेच्या फलाटांवर धुमाकूळ घालणारे लाल तोंडाचे माकड ते वेगळे, आणि कोकण-कर्नाटकाकडचे, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे माकड ते आणखी वेगळे. हा भेद केवळ प्राणिशास्त्राच्या हौसेचा नाही. पुढे येणाऱ्या एका रोगाच्या संदर्भात त्यावर जिवाचा प्रश्न अवलंबून असतो. वानर हा मूलतः पानांवर उपजीविका करणारा प्राणी आहे. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असून पाला आंबवून पचविण्यासाठी घडलेले आहे, आणि भाविकांनी प्रेमाने पुढे केलेली बिस्किटे, पोळ्या व तळलेले पदार्थ त्या जठराला मानवणारे नाहीत. तथापि आयते अन्न कोणत्या प्राण्याला नको असते?

वानराची टोळी बहुधा एका प्रौढ नराच्या, म्हणजे आपण ज्याला हुप्प्या म्हणतो त्याच्या, अंमलाखाली असते, आणि ज्यांना टोळी मिळालेली नाही असे तरुण नर निराळे जथे करून आसपास हिंडत असतात. संधी सापडताच हे तरुण जुन्या हुप्प्यावर चाल करून जातात, आणि सत्तांतर झाले की नवा हुप्प्या पूर्वीच्या नराची तान्ही पिले मारतो, ही गोष्ट १९६० नंतरच्या दशकात धारवाडजवळच्या अरण्यात सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने प्रथम तपशिलाने नोंदविली आणि पुढे अबूच्या पहाडावर सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने तिचा सविस्तर अभ्यास केला. अशा धामधुमीच्या दिवसांत टोळीतील माद्या भेदरलेल्या आणि नर चिडलेले असतात. एरवी माणसाला पाहून झाडावर चढणारा हा प्राणी अंगावर आल्याच्या बातम्या येतात तेव्हा त्यामागे पुष्कळदा असे एखादे राज्यसंकट असते. परंतु बहुसंख्य दंशांचे कारण इतके राजकीय नसते. ते अन्नाचे असते. पारावर फुटाणे देणारा हात हा वानराच्या दृष्टीने अन्नाचा उगम होय. तो हात रिकामा निघाला, अथवा मूठ मिटून मागे घेतला गेला, अथवा पोराने गमतीने केळे दाखवून लपविले, की ते अन्न हक्काने मिळविण्यासाठी वानर जे करते त्यालाच आपण हल्ला म्हणतो. ज्या वानराला माणसाने कधी खाऊ घातलेले नाही ते माणसाजवळ येत नाही, आणि जे जवळ येत नाही ते चावत नाही. दात विचकणे, एकटक रोखून पाहणे, भुवया वर ताणणे, दातांवर दात घासणे ही वानराची धमकीची भाषा आहे. दुर्दैवाने त्यातील पहिल्या दोन क्रिया, म्हणजे हसणे आणि टक लावून बघणे, लहान मूल वानर दिसताच सर्वांत आधी करते.

आता दंशापासून संभवणाऱ्या अपायांकडे वळू. प्रौढ नराचे वरचे सुळे लांब, अणकुचीदार आणि मागच्या कडेला धारदार असतात. त्यामुळे जखम तोंडाशी लहान व आत खोल अशी होते, आणि वरून चार थेंब रक्त येऊन थांबलेल्या जखमेच्या तळाशी स्नायुबंध अथवा सांध्याची पिशवी फाटलेली असू शकते. दंश बहुधा हातावर होतो, आणि हाताच्या बंदिस्त कप्प्यांत पू साचला तर बोट कायमचे आखडण्याची भीती असते. तोंडातील जंतूंनी जखम चिघळणे हा प्रकार प्रतिजैविके उपलब्ध असल्यामुळे आज किरकोळ वाटतो. पण त्याने एकदा राजसिंहासन रिकामे केलेले आहे. ग्रीसचा तरुण राजा अलेक्झांडर २ ऑक्टोबर १९२० रोजी ताटोई येथील आपल्या उद्यानात फिरत असता त्याच्या कुत्र्याची आणि एका पाळीव माकडाची झटापट जुंपली. ती सोडविण्यास राजा मध्ये पडला आणि त्या गडबडीत दुसरे माकड त्याच्या पायाला व धडाला चावले. जखमा धुऊन बांधल्या गेल्या, राजाने प्रकरणाचा बभ्रा होऊ दिला नाही, आणि त्याच रात्री त्या चिघळू लागल्या. पाय कापावा की काय या विचारात असलेल्या वैद्यांपैकी कोणीही ती जबाबदारी शिरावर घेईना, आणि २५ ऑक्टोबरला वयाच्या २७ व्या वर्षी राजा मृत्यू पावला. त्यानंतर पदच्युत पिता परत गादीवर आला आणि आशिया मायनरमधील ग्रीकांची मोहीम १९२२ मध्ये धुळीस मिळाली. इतिहासकार या दोन गोष्टींचा संबंध कितपत जोडतात तो भाग अलाहिदा.

धनुर्वात हा दुसरा धोका, आणि त्याच्या लशीविषयी लोक आता सामान्यतः जागरूक आहेत. तिसरा व सर्वांत भयंकर धोका रेबीजचा, म्हणजे अलर्काचा. भारतात या रोगाचे बहुतांश बळी कुत्र्यामुळेच पडतात हे खरे. जगात दरसाल सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात आणि त्यांपैकी ३६ टक्के एकट्या भारतात मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात वानरदंशाचा वाटा अत्यल्प आहे. पण अत्यल्प याचा अर्थ शून्य नव्हे. रेबीजचा विषाणू कोणत्याही उष्ण रक्ताच्या सस्तन प्राण्याला सोडीत नाही, आणि उकिरड्यावर ज्या कुत्र्यांशी वानरांची रोज झटापट होते त्या कुत्र्यांपैकी एखादे पिसाळलेले असू शकते. कुत्रा वा मांजर चावले असता त्या प्राण्यावर दहा दिवस नजर ठेवण्याचा जो नियम सर्वतोमुखी आहे तो फक्त कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. वानराला तो लागू नाही, आणि लागू केला तरी चाळीस वानरांच्या टोळीतून आपल्याला चावलेले वानर दहा दिवस ओळखून ठेवणारा मनुष्य अजून जन्मायचा आहे. म्हणून वानराचा दंश हा संशयित प्राण्याचा दंश असे धरूनच उपचार करावयाचा, हाच सरकारी मार्गदर्शक सूचनांचाही दंडक आहे.

चौथा धोका वर ज्याचा निर्देश केला त्या भेदाशी निगडित आहे. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्रेबनर नावाचा एक तरुण वैद्य प्रयोगशाळेतील लाल तोंडाचे माकड चावल्याने मेंदूच्या दाहाने मरण पावला. त्याच्या शरीरातून जो विषाणू मिळाला त्याला त्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून बी विषाणू म्हणतात, आणि पुढे पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीमुळे विख्यात झालेल्या आल्बर्ट सॅबिनने त्याचे प्रारंभीचे संशोधन केले. लाल तोंडाच्या आणि टोपीच्या माकडांच्या वंशात हा विषाणू मुखाच्या किरकोळ फोडांपलीकडे काही करीत नाही. माणसात मात्र तो मज्जासंस्थेवर चढतो. तेव्हापासून जगात नोंद झालेल्या सुमारे ५० रोग्यांपैकी २१ दगावले, आणि त्यांतील बहुतेक प्रयोगशाळांत काम करणारे होते. लशींच्या निर्मितीसाठी भारतातून लक्षावधी माकडे परदेशी रवाना होत, ती निर्यात सरकारने १९७८ मध्ये बंद केली. वऱ्हाडातील काळ्या तोंडाचे वानर या विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान नाही, ही मूर्तिजापूरकरांना दिलासा देणारी गोष्ट आहे. परंतु मथुरा-वृंदावनाच्या अथवा काशीच्या यात्रेत जो दंश होतो तो लाल तोंडाच्या माकडाचा असतो. यात्रेहून परतल्यावर डॉक्टरांना प्राण्याचे नुसते नाव न सांगता त्याच्या तोंडाचा रंगही सांगावा, म्हणजे विषाणुरोधक गोळ्यांची आवश्यकता आहे किंवा नाही हे ते ठरवू शकतील.

इतक्या भयांची यादी वाचल्यावर वाचकाला इलाजही तितकाच गहन असेल असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः इलाजाचा सर्वांत मोलाचा भाग घरच्या न्हाणीत होतो, आणि त्याला पंधरा मिनिटे, साबण व पाणी यांखेरीज काही लागत नाही. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. साबण ते वेष्टन विरघळवितो आणि वेष्टन गेलेला विषाणू निकामी होतो. शिवाय हा विषाणू रक्तात न शिरता प्रथम जखमेच्या जागीच स्नायूंत घुटमळतो व मग मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, म्हणून त्याला दाराशीच गाठण्याची ही वेळ पुन्हा येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली धरून, साबणाचा फेस आतपर्यंत पोहोचेल अशा बेताने, घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुतली पाहिजे. पंधरा मिनिटे हा काळ बोलण्यात लहान आणि झोंबणाऱ्या जखमेवर फार मोठा असतो. लोक दोन मिनिटांत हात झटकून उठतात. मूर्तिजापूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो, आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही अशी येथील गृहिणींची जुनी तक्रार आहे. तेव्हा साबण अधिक चोळावा, पण गोडे पाणी आणण्यासाठी वेळ दवडू नये, कारण धुण्यासाठी खारे पाणीही चालते. ज्या दिवशी नळ नसेल त्या दिवशी दुसऱ्याने तांब्याने अखंड धार धरावी. शेतात दंश झाला तर मोटारपंपाची धार आहे, तीही नसेल तर पिण्याच्या पाण्याची कॅन आहे. डोळ्यांत अथवा तोंडात वानराची लाळ उडाली असेल तर तेथे साबण न वापरता नुसत्या स्वच्छ पाण्याने तितकाच वेळ धुवावे. रक्त धो धो वाहत असेल तर अर्थातच आधी स्वच्छ कापडाने दाबून ते आटोक्यात आणले पाहिजे. पण अशी जखम विरळा.

धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट लावावे, बोटात अंगठी असल्यास सूज येण्यापूर्वीच काढून ठेवावी, आणि जखम सैल फडक्याने झाकून निघावे. न करण्याच्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत, आणि दुर्दैवाने गावात त्यांचेच जाणकार अधिक. तिखट भरणे, चुना लावणे, तंबाखूची राख दाबणे, डाग देणे, नाणे बांधणे, तोंडाने रक्त ओढून काढणे या सर्व उपायांनी जखमेतील ऊतक अधिक चेचले जाते आणि विषाणूला मज्जातंतूंत शिरण्याची वाट उलट मोकळी होते. हळदीविषयी मला व्यक्तिशः आदर आहे, पण ती भाजीत. उतारा करून घ्यावयाचा असेल त्याने लस घेतल्यानंतर खुशाल घ्यावा. क्रम तेवढा चुकू नये.

दवाखान्यात दंशाची वर्गवारी तीन श्रेणींत होते. वानराला हात लावला, खाऊ घातले, अभंग त्वचेला त्याची जीभ लागली, ही पहिली श्रेणी. तिला लशीची गरज नाही. रक्त न येता नख ओरखडले अथवा कातडी किंचित कुरतडली गेली, ही दुसरी. तिला लस हवी. रक्त निघालेला कोणताही दंश वा ओरखडा, तसेच उघड्या जखमेला वा ओठ-डोळ्यांसारख्या नाजूक भागाला लागलेली लाळ ही तिसरी. तिला लशीबरोबरच जखमेच्या आत व सभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. सुळे इतके खोल जातात की वानराचा दंश बहुधा या तिसऱ्या श्रेणीतच मोडतो. लस शरीराला स्वतःचे संरक्षक द्रव्य तयार करण्यास शिकविते, पण त्या शिक्षणास आठवडा-दोन आठवडे लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे ते तयार द्रव्यच असून मधल्या काळात पहारा करते. म्हणून ते पहिल्या लशीबरोबर, फार तर तिच्यापासून सात दिवसांच्या आत घ्यावयाचे. त्यानंतर घेण्यात अर्थ राहत नाही. आता तशाच कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले एकजातीय प्रतिपिंडाचे औषधही उपलब्ध आहे. जखमेला टाके घालण्याची घाई करू नये; घालावेच लागले तर इम्युनोग्लोब्युलिन भरल्यानंतर, सैल आणि थोडे. लस प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते; इम्युनोग्लोब्युलिनसाठी मात्र मूर्तिजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारून, नसल्यास अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन रुग्णालय गाठावे लागते. वाहनाची सोय नसेल तर १०८ ची रुग्णवाहिका आहे.

पहिल्या लशीचा दिवस शून्य धरून स्नायूंत देण्याची लस ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, दंडावर किंवा लहान मुलांच्या मांडीच्या बाहेरील भागावर घ्यावयाची असते, कुल्ल्यावर कधीही नाही. सरकारी दवाखान्यांत कातडीत देण्याची जी पद्धत आहे तीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी दोन-दोन ठिकाणी अल्प मात्रा टोचतात. दोन्ही तितक्याच गुणकारी आहेत. गरोदर स्त्रीला वा तान्ह्या मुलाला ही लस वर्ज्य नाही. पूर्वी संपूर्ण क्रम घेतलेला असेल तर ० आणि ३ या दिवशीच्या दोन मात्रांवर भागते आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मात्र जुना कागद जपून ठेवलेला असावा. लोक चुकतात ते शेवटच्या मात्रेला. तोवर जखम भरलेली असते, सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी ऐन रंगात आलेली असते, आणि एका सुईसाठी दिवसाची मजुरी कोण बुडवतो? या रोगाचा गर्भकाल साधारणतः दोन-तीन महिन्यांचा, कधी वर्षापर्यंतचाही असतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्याला उतार नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी रोग्याच्या घरच्या माणसांना बसवून सांगणे हे परिचारिकेचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

या लशीविषयी जी धास्ती जुन्या माणसांच्या मनात आहे तिला इतिहास आहे. लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला ६ जुलै १८८५ रोजी पहिली लस टोचली; १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. प्रारंभीच्या काळात दंशाच्या रोग्याला आगगाडीने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत अथवा निलगिरीपर्यंत प्रवास घडे, आणि वाटेत जे दिवस जात ते त्याच्या आयुष्यातून वजा होत. कसौलीच्या डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी लस मुंबईच्या हाफकिन संस्थेतही बनू लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मिळू लागली. पण ती बेंबीभोवती चौदा दिवस टोचून घ्यावी लागे, आणि क्वचित तिच्यामुळेच पक्षाघात होई. भारताने ती २००४ च्या अखेरीस बंद केली. चौदा सुयांची आठवण मात्र बंद झाली नाही, आणि दवाखाना टाळण्याचे एक कारण म्हणून ती अजून सांगितली जाते.

जखमी वा मृत वानराविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. तारेवरून पडून तडफडणाऱ्या वानराला पाणी पाजण्यास धावणारा मनुष्य दयाळू असतो, पण वेदनेने वेडा झालेला प्राणी दया ओळखीत नाही. गोणपाट दुरून टाकून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळविणे बरे. अंत्ययात्रेतही प्रेताला उघड्या हातांनी शिवू नये. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात वानरे मरून पडू लागली आणि मागोमाग माणसांना ताप येऊ लागला, तो गोचिडीच्या द्वारे पसरणारा माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गात प्रकटला. वऱ्हाडात त्याचे ठाणे नाही. पण मृत प्राण्याच्या अंगावरून उतरणाऱ्या गोचिडी जिल्ह्याची हद्द पाहत नाहीत.

प्रतिबंधाचा विचार करताना आधी व्यक्तीचा आणि मग गावाचा करावा. वानर समोर आले असता धावू नये, पाठ फिरवू नये, दात दाखवून हसू नये. नजर खाली ठेवून, काठी असल्यास ती जमिनीवर आपटीत, सावकाश मागे सरावे. हातातील खाद्य वानराने धरलेच तर सोडून द्यावे, कारण पिशवीतील केळ्यांची किंमत बोटाहून अधिक नाही. मादी आणि तिचे पिलू यांच्यामध्ये उभे राहू नये. घरात वानर शिरले तर दार लावून त्याला कोंडणे हा धाडसाचा भाग झाला, शहाणपणाचा नव्हे. बाहेर जाण्याची एक वाट उघडी ठेवून माणसांनी दुसऱ्या खोलीत जावे. धाब्यावरून वानर हाकलताना कठड्याकडे पाठ करून मागे सरू नये. दिल्लीचे उपमहापौर सुरिंदरसिंग बाजवा ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्या घराच्या गच्चीवर माकडांना हुसकावीत असता तोल जाऊन पडले आणि मृत्यू पावले. मृत्यूला दंश कारण नव्हता. वाळवणाच्या दिवसांत पोरांना राखणीला बसविण्याची आपली रीत आहे, तिचा या दृष्टीने फेरविचार व्हावा. वाळवणावर ताणलेली जाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीला तारेची चौकट, आणि छपरावर झुकलेल्या फांद्यांची छाटणी या तीन गोष्टी पोराच्या गोफणीपेक्षा भरवशाच्या आहेत. आपल्या कुत्र्याला वानरावर सोडण्याची हौस तर सर्वथा टाळावी; ग्रीसच्या राजाचे प्रकरण तेथूनच सुरू झाले.

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरांनी कुत्र्यांची अडीचशे पिले मारली आणि तीही सूड म्हणून, अशी वार्ता जगभर पसरली. संख्या ऐकीव होती, सूडाची कल्पना माणसाची होती. वनखात्याने तेथून दोन वानर पकडून नेले एवढे निश्चित. वानर कुत्र्याचे पिलू उचलून झाडावर अथवा गच्चीवर नेते, काही काळ त्याच्याशी खेळते, आणि सोडून देते. उंचावर दुधावाचून पिलू मरते, हा उलगडा जाणत्यांनी केला तो वृत्तपत्रांना फारसा रुचला नाही. पिले सोडविण्यासाठी छपरांवर चढलेली माणसे पडून जखमी झाल्याचेही त्याच बातम्यांत होते. ‘सूड’ या एका शब्दाने गावाला घाबरविले. वास्तविक हवा होता तो एक पिंजरा आणि थोडा धीर.

सार्वजनिक बंदोबस्ताच्या बाबतीत इतर प्रांतांचे अनुभव उद्‌बोधक आहेत, क्वचित विनोदीही. दिल्लीत लाल तोंडाच्या माकडांना पिटाळण्यासाठी सरकारी कचेऱ्यांनी आपल्याकडील काळ्या तोंडाचे वानर, त्यांच्या मदाऱ्यांसह, पगारी ठेवले होते. वन्यजीव कायद्याने ते बंद पडल्यावर वानराचा हुपकार काढणारी ४० माणसे नेमल्याचे २०१४ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले, आणि २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी वानरांची रंगीत चित्रे उभी केली गेली. ज्या मुलखात उपद्रव वानराचाच आहे तेथे हा तोडगा अर्थातच निरुपयोगी. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून माकडांच्या निर्बीजीकरणाची मोहीम चालवून लाखाहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या, तरी शेतकऱ्यांची फिर्याद मिटली नाही. पकडून दूर नेऊन सोडणे हा सर्वांना प्रिय असलेला उपाय; पण एका टोळीची जागा रिकामी झाली की शेजारची टोळी ती व्यापते, आणि सोडलेली वानरे, माणसाच्या अन्नाला सोकावलेलीच, नव्या गावाच्या वाटेला लागतात. मेळघाटच्या पायथ्याशी सोडलेल्या वानराने रानातील पाला खाऊन सुखाने राहावे ही अपेक्षा आपली. त्याला विचारलेले नसते. धाराशिवजवळच्या उपळा गावात ३२ एकर जमीन महसुली दप्तरी वानरांच्या नावे असल्याची हकीकत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या गावात दाराशी आलेल्या वानराला विन्मुख पाठवीत नाहीत असे सांगतात. जमीन देण्याचा भाग मला पसंत आहे. त्या जमिनीवर उंबर, वड, चिंच लावून वानरांना तेथेच गुंतविता येईल. दाराशी घास देण्याचा भाग मात्र पसंत नाही.

मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यात ज्यांचे बालपण मामाच्या घरी गेले त्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावोगाव जे काम केले त्याचा या प्रश्नाशी दिसतो त्याहून निकटचा संबंध आहे. उघडा उकिरडा, लग्नानंतर मांडवामागे फेकलेल्या पत्रावळी, आठवडी बाजार उठल्यावर पडलेली सडकी केळी, हीच कुत्र्यांना आणि वानरांना एका ठिकाणी आणणारी जागा, आणि रेबीज एका जातीतून दुसरीत जाण्याची शक्यताही तेथेच सर्वाधिक. नगरपालिकेने झाकणाच्या कचरापेट्या ठेवणे, बाजार उठल्यावर त्याच सायंकाळी जागा झाडून घेणे आणि मोकाट कुत्र्यांना रेबीजची लस टोचणे, ही तीन कामे वानर पकडण्याच्या निविदेपेक्षा स्वस्त आहेत. त्यांचे छायाचित्र वृत्तपत्रात येत नाही एवढाच त्यांचा दोष. देवस्थानांच्या विश्वस्तांनी पारावरचा नैवेद्य गाभाऱ्यात घेण्याची तजवीज केली तर श्रद्धेलाही बाध येणार नाही. चिखलदऱ्याला सहलीस गेलेल्या मंडळींनी मोटारीच्या खिडकीतून चिवडा देण्याची हौस आवरली, तर पुढच्या मोटारीतील मुलाचा हात वाचेल.

राहता राहिला सरकारी कामकाजाचा भाग. चावा आरोग्यखात्याचा, वानर वनखात्याचे आणि उकिरडा नगरपालिकेचा, अशी वाटणी झाल्यामुळे जखमी मनुष्य तीन कचेऱ्यांच्या मध्ये उभा असतो. लाल तोंडाचे माकड २०२२ च्या दुरुस्तीने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांतून वगळले गेले. वानर मात्र संरक्षित आहे, तेव्हा त्याला पकडणे किंवा इजा करणे हा गावाच्या ठरावाने होणारा मामला नाही, त्यासाठी वनाधिकाऱ्याचीच परवानगी लागते. वन्यप्राण्याने जखमी केलेल्यास राज्य शासन अर्थसाहाय्य देते. कोणत्या प्राण्यासाठी व किती, हे वेळोवेळी निघणाऱ्या शासननिर्णयांप्रमाणे बदलते, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करून विनाविलंब अर्ज द्यावा. त्याकरिता दवाखान्याच्या कागदावर नुसते ‘प्राण्याचा चावा’ असे मोघम न लिहिता ‘वानराचा चावा’ असे, दंशाची जागा, तारीख व वेळ यांसह डॉक्टरांकडून त्याच दिवशी लिहवून घ्यावे. आठवड्याने गेल्यास जखम सुकलेली असते, आणि पंचनामा करणाऱ्या वनरक्षकाला लिहिण्यासारखे काही सापडत नाही.